तेहरानचा शिंपी, फिनलंडचा पडदा

उर्दूच्या तासाला ‘जाद’ हा प्रत्यय शिकवताना मी शहजादा, आदमजाद हे नेहमीचेच शब्द सांगतो. हल्ली त्यात एक नाव वाढवलंय : अरमान अलीजाद. 1971 साली तेहरानमध्ये जन्मलेला, लहानपणीच फिनलंडला गेलेला, पेशाने शिंपी. टीव्हीवर तो आधी कपड्यांविषयीच बोलायला आला. मग 2009 च्या ‘किल अरमान’मध्ये देशोदेशीच्या उस्तादांकडून कुस्ती-कराटे शिकत त्याने मार खाल्ला. मला त्याचं फारसं कौतुक नाही.

त्यानंतरच्या मालिकेचं नाव ‘अरमान आणि शेवटचं क्रुसेड’. हा शब्द आपल्या कानांना टोचतो, पण गडी निघाला कुठे? कंबोडियात, कचऱ्याच्या डोंगरावर पोट भरणाऱ्यांसोबत राहायला.

आणि 2015 मध्ये ‘ध्रुवताऱ्याखाली अरमान’. आता कॅमेरा खुद्द फिनलंडकडे, समाजाने कडेला ढकललेल्यांकडे वळला. बाहेरून आलेल्याला सगळीकडे एकच विचारतात, ‘तुम्ही लोक कुठले?’ नोकरीच्या मुलाखतीत मलाही विचारलं होतं, माझं मराठी ऐकून झाल्यावर. इथे तेहरानचा मुलगा फिनिश माणसाच्या शेजारी बसून, त्याच्याच भाषेत विचारतोय : तुझ्यावर ही वेळ कशी आली?