जाळ्याची साल, बिब्ब्याची खूण

आमचे आबा सुतार. झाड दिसलं की त्याचं काय होतं, हे ते आधी सांगत. फुलाफळांचं कौतुक मागाहून. आमची बोरिवली तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मुंबईच्या हद्दीत आली ती १९५७ साली. मागं कान्हेरीचं रान, पुढं गोराईची खाडी, त्यामुळे लाकूड आणि मासळी दोन्ही दारात यायची.

आबांचं लाडकं झाड खरवत. वड-उंबराच्या गोतातलं, पण पान असं खरखरीत की मांजराची जीभच. पॉलिशपेपर विकत आणणं त्यांना उधळपट्टी वाटे. पोळपाटावर रंधा मारून झाला की ते खरवतीचं पान तळव्याखाली धरत आणि लाकडाच्या रेषेरेषेनं फिरवत. पान गुळगुळीत झालं की टाकायचं, दुसरं घ्यायचं. मग पोळपाटावरून आम्हा पोरांचा गाल फिरवून बघत. टोचलं म्हणालो, की पुन्हा एक पान. आजीचा तो पोळपाट आजही माझ्या सुनेच्या हाताखाली आहे.

धामण त्यांच्या लेखी कुऱ्हाडीच्या दांड्याची, हेदू फणीचा, शेंदरी रंगाची. शेंदरीच्या फळांवर तांबडी भुकटी असते, रेशीम रंगवायला ती वापरत. म्हणून कुंकुफळ हेही तिचंच नाव. आणि कुंभा? तो तोड्याच्या बंदुकीचा! त्याच्या सालीच्या धाग्याची वात करत. एकदा पेटली की ती न विझता धुमसत राही. आमच्यातल्या कुणीतरी अशा वाती वळून गडावर पोचवल्या होत्या म्हणे. ते आबांचे आजोबा की त्यांचेही आजोबा, हे मात्र माझ्या डोक्यात कालवलं गेलंय.

खैराचं नाव निघालं की आबा गंभीर होत. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणारी माणसं ती काथोडी, कातकरी. धंदा झाडाचा, नाव जमातीला. १८७८ च्या वनकायद्यानं रानं राखीव होत गेली, तसा खैर त्यांच्या हातून सुटत गेला. आबांकडे मोळी घेऊन येणाऱ्या कातकरी म्हाताऱ्याला ते पान लावून देत आणि म्हणत, "कात तुमचाच, आम्ही नुसता चुना लावला."

आजीकडे गोराईहून मासळीवाली मावशी यायची. करंदीचा वाटा टोपल्यातून काढता काढता ती ऐनाबद्दल बोलायची, कारण ऐनाशिवाय तिच्या सासऱ्याचं जाळं टिकतच नसे. नायलॉन यायच्या आधी जाळी सुताची नि तागाची. खाऱ्या पाण्यात कुजायची. म्हणून ऐनाची साल कुटून मोठ्या भांड्यात उकळायची आणि त्या तांबूस काढ्यात जाळी बुडवून वाळत घालायची. सालीतला तुरटपणा दोऱ्यात मुरला की जाळं तगायचं. "आमचे घरान सगल्यांचे हात तांबरे," ती हसून म्हणायची. नायलॉनला साल लागेना. मावशीची नातवंडं ऐन ओळखत नाहीत, त्यात त्यांचा काय दोष?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात झाडांवर पाट्या दिसतात, बरं वाटतं. पण नावाखाली आणखी एक ओळ हवी, हे झाड कुणाच्या हाताला काय देत होतं याची. शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं रान आपल्या दाराशी आहे आणि पाड्यांवर सांगणारी माणसं अजून आहेत. कुणीतरी जाऊन लिहून घ्यावं, आणि लवकर घ्यावं.

आता बिब्बा. कामात बिब्बा घालू नकोस, असं आपण सहज म्हणतो. धोबी मात्र बिब्ब्यात सुई खुपसून त्या काळ्या तेलानं कपड्याच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाची खूण करी; वर चुना लावला की ती धुण्यानं जात नसे. आबांच्या धोतरावर तीन ठिपके होते. तेच तेल अंगाला लागलं की उततं, फोड येतात. आणि याच बिब्ब्याच्या पोटात गोडंबी! आत्या बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती मूठभर घालायची. धावड्याचा डिंक तुपात फुलवायची, खारीक, खोबरं, वर जायफळ. लाडू बाळंतिणीचे, पण वळताना फुटलेले आम्हाला मिळत, आणि आत्याच्या हातून पुष्कळ फुटत.