मैनेच्या गाण्यातलं उंबरगाव

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली, एवढं सगळेच सांगतात. पण हा लढा काही एका दिवसाचा नव्हता. नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला आणि राज्य मिळालं १ मे १९६० ला. मधल्या साडेचार वर्षांत हे गाणं नेमकं कुठे बसतं? आज आपल्या हाती असलेला पाठ १९९८ मध्ये राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या निवडक वाङ्मयात छापला गेला. शाहीर विठ्ठल उमपांच्या आवाजात तो घरोघर पोचला. त्या पाठावर तारीख नाही. तरी ती काढता येते, आणि तिचा धागा भिवंडीकरांच्या ठाणे जिल्ह्यातूनच जातो.

गाण्याच्या शेवटाकडे शाहीर मैनेची, म्हणजे गावी राहिलेल्या बायकोची, आणि तुटलेल्या महाराष्ट्राची गत एकच म्हणून सांगतो. तिथे तो परक्याच्या ताब्यात गेलेल्या मुलखाची नावं घेतो: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. पहिली दोन १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली. बेळगाव जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका आपल्याकडे राहिला. उंबरगावचं तसं नाही. तो ठाणे जिल्ह्याचा तालुका. १९५६ चं द्विभाषिक मुंबई राज्य झालं तेव्हाही तो ठाण्यातच होता, आणि डांगही त्याच राज्यात होता. उंबरगावची गावं नावानिशी गुजरातला देणारा कागद म्हणजे १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा. डांग जिल्हाही तेव्हाच गेला.

नुसत्या नावावर विसंबणं मात्र बरोबर नाही. डांग-उंबरगावावरचा गुजरातचा दावा जुना होता. एखादा शाहीर धोका ओळखून आधीही बोलू शकतो. म्हणून पुढचा शब्द महत्त्वाचा. याच ओळींच्या लगत शाहीर खंडणीचा उल्लेख करतो. ऐकताना ती नुसती शाहिरी अतिशयोक्ती वाटते. पण त्याच कायद्यात महाराष्ट्राने गुजरातला पुढची काही वर्षं तुटीपोटी कोट्यवधी रुपये द्यावेत अशी तरतूद आहे. मुंबई मिळाली, पण वर पैसे मोजून. त्या दिवसांत खंडणी या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

तिसरा पुरावा आहे तो विजयाचा. परळ, लालबाग, फाउंटन इथल्या झुंजी सांगून शाहीर मुंबई महाराष्ट्राची झाल्याचं जाहीर करतो. लढ्याला विरोध करणाऱ्या मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची गत रावणाच्या लंकेसारखी झाली म्हणतो. १९५६ मध्ये हे म्हणायला जागाच नव्हती, कारण तेव्हा मुंबई द्विभाषिकाची राजधानी होती आणि लढा ऐन भरात होता. तालुका, पैसा आणि मुंबई हे तिन्ही एकत्र ठेवले की माझ्या मते आजचा पाठ १९६० च्या आसपासचाच ठरतो.

याचा अर्थ गाणं त्याआधी नव्हतं असा नाही. कलापथकाचं गाणं फडावर वाढतं, सभेगणिक बदलतं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्या अण्णा भाऊंना हे सांगायला नको. पहाटेचा निरोप, भाकरतुकड्याची बांधाबांध, दागिन्यांची वचनं, मग हडसन मोटारीच्या आणि नायलॉन-जॉर्जेटच्या मुंबईत बेकारांच्या गर्दीत मिसळून जाणं: हा भाग कोणत्याही वर्षाचा असू शकतो. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेल्या माणसाने तो जगलेला होता. वर्षाचा शिक्का बसतो तो उत्तरार्धावर.

आणि कार्यक्रमात गाणं आखूड करायचं झालं की कात्री लागते ती नेमकी याच उत्तरार्धाला. मैनेचं रूप रंगवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि थांबायचं. मला हे फार लागतं. सीमाभाग गाळला की मैना फक्त एक देखणी बाई उरते. शाहिराने तिला उभं केलं होतं ते तुटलेल्या मुलखाच्या जागी. त्याहून मोठी गोष्ट अशी, की विजय सांगितल्यावरही तो गाणं संपवत नाही. रणातून मागे फिरू नका, काम अजून उरलं आहे, असं बजावतो. १९६० च्या मे महिन्यात सगळीकडे पेढे वाटले जात असताना उंबरगावची आठवण ठेवणारा हा माणूस आहे.

भिवंडीत हे गाणं दुसऱ्या कानानेही ऐकू येतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातलं पुष्कळ काम इथल्या यंत्रमागांवर आलं. त्या मागांवर आज उभ्या असलेल्या कितीतरी कामगारांची मैना उत्तर प्रदेशात, बिहारात, तेलंगणात गावावर राहिली आहे. गाण्याचा पूर्वार्ध त्यांना कुणी समजावून द्यायला नको.

शाळेत, जयंतीला, मंडळाच्या मंचावर हे गाणं म्हणाल तेव्हा ते शेवटापर्यंत म्हणा. ३० एप्रिल १९६० पर्यंत भिवंडी आणि उंबरगाव हे एकाच जिल्ह्याचे तालुके होते.