बंद पडणारी यंत्रे, चालू राहणारे काम

1994 साली 'नासा'च्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे 16 संगणक जाळ्याने जोडून 'बेओवुल्फ' हा समूह उभारला. महासंगणकाची कामे स्वस्तात होऊ लागली. पण समजा, एक संगणक सरासरी 1000 दिवसांतून एकदा बिघडतो. मग 1000 संगणकांच्या समूहात काय होईल? रोज सरासरी एक बिघाड!

गूगलने बिघाड गृहीत धरूनच रचना केली. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान 'कंटेनर'मध्ये शिदोरीसारखे बांधायचे. एक यंत्र बंद पडले, की तीच शिदोरी दुसऱ्यावर उघडायची. अशी देखरेख करणारी 'कुबरनेटीस' प्रणाली 2014 मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणात मात्र सर्व यंत्रे एकाच हिशेबात गुंतलेली असतात. एक अडले, की सगळी थांबतात. 2024 मध्ये 'मेटा' कंपनीने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, सुमारे 16 हजार प्रक्रियकांवर 'लामा 3' घडवताना 54 दिवसांत 419 वेळा काम अचानक थांबले. म्हणून हिशेब ठरावीक काळाने जतन करतात, दोषी यंत्र बाजूला काढतात आणि शेवटच्या नोंदीपासून पुढे जातात.

वर्गात मुलांना साखळीने मोठी बेरीज करायला द्या आणि मधल्याच एकाला उठवा. मधली उत्तरे का लिहून ठेवायची, हे मुलेच सांगतील.