चोरलेली प्रश्नपत्रिका आणि ख्रिस्ती किशोरकथा

1870 च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात वाचू लागलेली मुले पेनीला मिळणाऱ्या खून-दरोड्यांच्या गोष्टींकडे वळली, तेव्हा ट्रॅक्ट, म्हणजे धर्मोपदेशाच्या चोपड्या, छापणाऱ्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने 1879 मध्ये ‘बॉईज ओन पेपर’ हे साप्ताहिक काढले आणि मुले बिचकू नयेत म्हणून प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव टाळले, हा निर्णय शहाणपणाचाच होता. त्यात 1881-82 मध्ये, छपाईचे खिळे ओतण्याचा व्यवसाय करणाऱ्या टॅल्बट बेन्स रीड यांची ‘द फिफ्थ फॉर्म अॅट सेंट डॉमिनिक्स’ ही शालेय कादंबरी क्रमशः आली. तीत शिष्यवृत्तीची प्रश्नपत्रिका नाहीशी होते, संशय ऑलिव्हर ग्रीनफिल्ड या विद्यार्थ्यावर येतो व तो मानीपणाने गप्प राहतो. खरा चोर मात्र कर्जात बुडालेला लोमन हा दुसरा विद्यार्थी असतो. पळालेल्या लोमनला ऑलिव्हरच शोधून सावरतो, आणि कथेतील ख्रिस्ती श्रद्धा कोणत्याही उपदेशापेक्षा या क्षमेतच अधिक ठसते. ‘बॉईज ओन पेपर’ 1967 पर्यंत निघत होते.