ठाणें-कल्याणकडील बंब

जुन्या याद्यांत किंवा हिशेबांत ‘बंब’ हा शब्द आला कीं वाचकानें क्षणभर थांबावें. हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’पासून आला असून त्याचा मूळ अर्थ पाणी उपसणारें यंत्र असा आहे. ठाणें इ. स. १७३७ पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होतें, तेव्हां या शब्दाची वाट आमच्या प्रांतास परकी नव्हे. पुढें त्याचा आगीचा बंब झाला. आणि न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबांत तर दट्ट्या नाहीं कीं झडप नाहीं, केवळ नांव तेवढें उरलें. सबब वस्तूचा धातु, वजन व ठेवण्याची जागा पाहिल्यावांचून या शब्दाचा अर्थ लावूं नये.

मूळ यंत्राची रचना साधी आहे. एक नळकांडें, त्यांत घट्ट बसणारा दट्ट्या, पाणी आंत घेणारी एक झडप व बाहेर सोडणारी दुसरी. दट्ट्या मागें ओढला कीं पहिली झडप उघडते, पुढें लोटला कीं ती मिटून दुसरी उघडते. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसनें इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अशीं दोन नळकांडीं जोडून वापरलीं असें सांगतात. आगीच्या बंबांत दोन दट्टे आळीपाळीनें चालतात व धार तुटूं नये म्हणून वर हवेची कोठी असते. दर फेऱ्यास ठरीव माप ढकललें जाणें हा या जातीचा विशेष. कारखान्यांतील मंडळी हिला पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंप म्हणतात. पंख्याच्या वेगानें पाणी फेंकणारा सेंट्रिफ्युगल पंप याहून निराळा.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. चौदा डबे, सुमारें चारशें पाहुणे, आणि साहिब, सिंध व सुलतान हीं इंजिनांचीं नांवें सर्वांस पाठ आहेत. त्या इंजिनांवरील पंपाचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. वाटेंत शीव येथें पाणी घेतलें असें वृत्तांत येतें, पण तें टाकींत. टाकींतलें पाणी बॉयलरमध्यें, आंतील वाफेच्या दाबाविरुद्ध, घालावयाचें कसें? वाफेच्याच झोतानें पाणी लोटणारें इंजेक्टर हें साधन जिफार्ड या फ्रेंच गृहस्थानें इ. स. १८५८ त काढलें. म्हणजे १८५३ च्या इंजिनांवर तें असणें अशक्य. तेथें दट्ट्याचाच पंप असला पाहिजे. यंत्रशक्तीनें चालणारा असा पंप ठाण्यास याच्या आधीं आल्याचा दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. इ. स. १८५४ च्या मे महिन्यांत खाडीवरील पूल ओलांडून तोच कल्याणास पोंचला.

या पंपांत एक खोड होती. तो इंजिनाच्याच चालीवर चाले. इंजिन उभें राहिलें कीं पाणी बंद. म्हणून बॉयलर भरण्यासाठीं रिकामें इंजिन पुढेंमागें फिरविण्याचा प्रघात इंग्लंडांत होता. जुन्या रोजनिशींत इंजिन उगाच फिरविल्याची नोंद आढळल्यास तीस चालकाचा छंद समजूं नये!

शंभर वर्षांनंतरची कथा थोडक्यांत सांगतां येते. इ. स. १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ निघालें, ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली, व डोंबिवलीस रंग-रसायनांचे कारखाने आले. दाट तेल, राळ, रंगाचा लगदा पंख्याच्या पंपास नीट पेलत नाहीं. तेथें परस्परांत अडकलेल्या दांतेरी चक्रांचा गिअर पंप लागतो. आम्ल थेंबमापानें सोडावयाचें तर पडद्याचा डोसिंग पंप. मात्र बाहेरची वाट मिटली तरी हे पंप ढकलीतच राहतात, व दाब चढून नळ किंवा पंप फुटतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह ही छोटी झडप या यंत्राचा प्राण होय.

वागळे इस्टेटींत अनेक कारखाने उठून तेथें कचेऱ्या झाल्या. कारखाना उठतो तेव्हां लोखंड तोलून विकलें जातें व आराखडे रद्दींत जातात. ताम्रपटासाठीं गांवोगांव हिंडणारे आमचे संग्राहक बंधु या रद्दीकडे ढुंकून पाहत नाहींत, हें आम्हांस गैर वाटतें. कागद गेला तरी हा पंप स्वतःच लेख आहे. नळकांड्याचा आंतील व्यास १० सेंटिमीटर व दट्ट्याची धांव २० सेंटिमीटर भरली, तर एका धांवेस सुमारें १.५७ लिटर, मिनिटास ६० धांवा धरल्यास ९४ लिटर, त्यांतून गळतीपायीं थोडें वजा. व्यास व धांव मोजतां येतात. धांवांची संख्या तेवढी पितळी पाटीवर असते, आणि नेमकी तीच पाटी मोडवाला पहिल्यानें उचकटतो. तेव्हां पाटीचा ठसा आधीं घ्यावा, झडपा मोजाव्या, आणि गंज खरवडण्याचें काम मागाहून करावें.