सीमेवरचे नाणे : बीड, १९४७-४८

मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांनी २०११-१२ मध्ये हाताने धागा गुंडाळून एक अंडाकृती गुंडा सिद्ध केला. भारताच्या पश्चिम व वायव्य सीमेवरील ११८८.५ मैल कुंपणाशी त्या धाग्याच्या लांबीचे प्रमाण १ : १४.९ असे आहे. कृतीचे नावही तेच. नकाशा बाजूस ठेवून वस्तूच्या द्वारे सीमा मांडण्याची ही रीत बीडच्या इतिहासाभ्यासकासही उपयोगी पडावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कारण बीड जिल्हाही एके काळी अशाच सीमेवर होता. १५ ऑगस्ट १९४७ ला आष्टी-पाटोद्यास लागून असलेला नगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा स्वतंत्र भारतात आला; बीड मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातच राहिले. या तेरा महिन्यांचा इतिहास आपण बहुधा सत्याग्रह, रझाकार व पोलिस कारवाई यांच्या अंगाने लिहितो. ते योग्यच होय. परंतु सामान्य मनुष्यास ही सीमा कोठे जाणवत होती, हा प्रश्न त्यात मागे पडतो. करोडगिरीच्या नाक्यावर ती जाणवत असेच. पण तिची रोजची गाठ पडे ती कनवटीच्या पैशाशी.

संस्थानचा हाली रुपया निराळा, इंग्रजी अमलातील कलदार निराळा. सात हालींना साधारणतः सहा कलदार. हाली नाण्यावर चारमिनार, त्याच्या कमानीत उस्मान अलीखानाचे आद्याक्षर, आणि मजकूर फारसी. १९१८ पासून निघालेल्या नोटांवर मात्र उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कन्नड मजकूरही आढळतो. म्हणजे प्रजेच्या भाषांना स्थान मिळाले ते कागदावर, धातूवर नव्हे. आणि बीडच्या शेतमजुराच्या हाती कागद क्वचितच येत असावा. चारमिनार तेवढा निरक्षरासही ओळखता येई.

नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानंतर लवकरच संस्थान सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरविले. दिल्लीने यास कराराचा भंग मानले. जामखेडच्या बाजारातला रुपया आष्टीत कायद्याने चालेनासा झाला, ही त्याच घटनेची गावाकडील बाजू.

जुन्या घरांत हाली आणि कलदार एकाच पुरचुंडीत सापडल्यास ते सीमेवरील व्यवहाराचे अस्सल साधन समजावे. नाणेसंग्राहक ती पुरचुंडी फोडतो, दुर्मीळ नाणी निवडतो व उरलेली मोडीत घालतो. कोणते नाणे कोणाशेजारी, कोणत्या गावी होते, हे मग सांगता येत नाही. आष्टी-पाटोद्यातील न फुटलेल्या पुरचुंड्यांची नोंद घेण्याचे काम एखाद्या विद्यार्थ्याने सत्वर हाती घ्यावे.