‘कमांड१’च्या पोटात काय आहे?

जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की समोर एक करडी, रिकामी चौकट यायची. तिचं नाव फॉर्म१. तिच्यावर बटण काढलं की ते कमांड१. त्या बटणावर डबल-क्लिक केलं की कोड लिहायची जागा थेट समोर. डेस्कटॉप प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात याहून मोहात पाडणारं डबल-क्लिक दुसरं नसावं.

गंमत म्हणजे हे साधन मुळात प्रोग्रॅमरसाठी नव्हतंच. अ‍ॅलन कूपर यांनी १९८८ मध्ये बिल गेट्स यांना ‘ट्रायपॉड’ दाखवलं. ज्याला त्याला विंडोजचा दर्शनी भाग आपल्या सोयीने मांडता यावा, एवढीच त्यामागची कल्पना. मायक्रोसॉफ्टने ते घेतलं, त्याचं ‘रूबी’ झालं (आजच्या रूबी भाषेशी काही नातं नाही), आणि बेसिक भाषेची जोड मिळून १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. त्याआधी विंडोजमध्ये एक साधी खिडकी दाखवायची तरी सी भाषेत पानभर कोड लागायचा.

आता आधी चित्र आणि मग कोड, असा उलटा क्रम रूढ झाला. तपासणी, हिशेब, डेटाबेसमधली नोंद, सगळं कमांड१च्या पोटात. असे जुने प्रोग्रॅम नव्या रूपात आणणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हे पोट मी बरंच पाहिलंय.

सर्वांत छळवादी प्रकार म्हणजे ‘लॉस्टफोकस’. तारखेच्या रकान्यातून बाहेर पडलात की तपासणी व्हायची. पण ती होईपर्यंत कर्सर शेजारच्या रकमेच्या रकान्यात पोचलेला. तारीख चुकली म्हणून कोड त्याला मागे ओढायचा; मग रक्कम रिकामी राहिली म्हणून रकमेचा कोड पुन्हा तिकडे खेचायचा. दोन रकान्यांचं भांडण, आणि मध्ये बिचारा क्लार्क ‘ओके’ दाबत बसलेला.

१९९८च्या व्हीबी६ने यावर ‘व्हॅलिडेट’ दिलं, ते कर्सर बाहेर पडण्याआधीच चालतं. सोबत ‘कॉजेसव्हॅलिडेशन’ नावाचा गुणधर्म आला. ‘रद्द करा’ बटणावर तो बंद ठेवायचा, म्हणजे ज्याला फॉर्म सोडून जायचंय त्याला चुकलेली तारीख अडवत नाही. २००२ मध्ये आलेल्या डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्सनेही ही सोय घेतली. इतकी साधी गोष्ट, पण तो बंद न केलेली ‘रद्द करा’ बटणं मला आजही भेटतात. आणि तपासणीचा नियम त्या घटनेतही लिहू नये. वेगळं फंक्शन करावं, फॉर्मने त्याला फक्त विचारावं. खिडकी न उघडता ते तपासता आलं पाहिजे.

मराठीत या सगळ्याची किंमत जास्त पडली. व्हीबी६ आतून युनिकोड जाणत होतं, पण त्याचे मूळ टेक्स्टबॉक्स नाही. त्यांना लागणारा जुन्या पद्धतीचा कोड-तक्ता विंडोजमध्ये देवनागरीसाठी नव्हताच. युनिकोड मराठी मजकूर टाकला की प्रश्नचिन्हांची रांग. म्हणून इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले फॉन्ट वापरायचे, श्री-लिपी किंवा सी-डॅकचे. पडद्यावर नाव झकास दिसायचं. साठवलं मात्र जायचं दिसण्याच्या क्रमाने. ‘किरण’मध्ये आधी वेलांटी, मग क. यादी अकारविल्हे लावली की किरण, निशा आणि विजय एका गठ्ठ्यात, कारण तिघांचंही ‘पहिलं अक्षर’ वेलांटी!

टेक्स्टबॉक्सची मर्यादा अशी थेट माणसांच्या नावात शिरली. डेटाबेसच्या अगदी दारात एक रूपांतर ठेवलं असतं, तर फॉन्टची भानगड पडद्यापुरतीच राहिली असती. पण दार नव्हतंच. बटणातून सरळ टेबलात.

व्हीबी६चा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये संपवला. त्यात बनवलेले प्रोग्रॅम मात्र आजच्या विंडोजवरही चालतात, म्हणून त्या नोंदी अजून वाढताहेत. त्या युनिकोडमध्ये आणताना वेलांटी उचलून अक्षराच्या मागे न्यावी लागते, आणि रफार उलट, मागून पुढे. ‘वर्षा’मधला र शेवटाला जाऊन बसलेला असतो. जोडाक्षरावर वेलांटी असेल तर ती एक नव्हे, दोन अक्षरं ओलांडून न्यायची. ‘स्मिता’साठी मी वेगळी चाचणी लिहिली आहे.